चालत्या घराच्या कड्या

घर म्हटले की ते एका जागी उभे असावयाचे, हे आपण इतके गृहीत धरलेले असते की त्याविषयी कधी विचार करावा असे कोणाच्या मनातही येत नाही. मांडणीवरची ताटे सकाळी जेथे ठेवली तेथेच संध्याकाळी सापडतात. फडताळाचे दार नुसते लोटून घेतले तरी रात्रभर लोटलेलेच राहते. आणि कपाटाचा खण अर्धवट उघडा राहिलाच, तर फार तर जाता-येता कोणाच्या गुडघ्याला लागतो. हे सारे आपल्या नीटनेटकेपणाचे फळ आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्यातील निम्मे श्रेय पायांखालच्या जमिनीला द्यावयास हवे. कारण ती हालत नाही. परंतु ज्या घराखालची जमीन ताशी ८० किलोमीटर वेगाने मागे पळते, त्या घरात मांडणीचे, फडताळाचे आणि खणाचे काय होते, हे आम्हांस २०२४ सालच्या जुलै महिन्यात दक्षिण ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. त्या प्रवासाची हकीगत आज वाचकांपुढे ठेवावयाचे योजिले आहे. तीत आमच्या हातून घडलेली एक चूकही आली आहे. ती गाळून हकीगत सांगता आली असती. पण मग सांगण्यासारखे फारसे काही उरले नसते.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून आम्ही उभयता ॲडलेड शहरी आमच्या पुतण्याकडे गेलो होतो. आपल्याकडे जुलैत शेते पाण्याने तुडुंब भरलेली असतात. तिकडे तोच महिना ऐन हिवाळ्याचा. शाळांना पंधरा दिवसांची सुटी होती. पुतण्या म्हणाला, "काका, काकी, शहर काय, कोठलेही सारखेच. तुम्हांला उत्तरेकडचे फ्लिंडर्स डोंगर दाखवतो. मात्र हॉटेलात उतरावयाचे नाही. घर बरोबर घेऊनच जावयाचे." असे म्हणून त्याने अंगणातील ताडपत्री दूर केली, तो आत खरोखरच एक घर उभे होते.

तिकडे या घराला कॅराव्हान म्हणतात. अमेरिकेत ट्रेलर किंवा कॅम्पर असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्याला स्वतःचे इंजिन नसते. पुढे मोटार, तिच्या पाठीशी लोखंडी गोळा, आणि त्या गोळ्यावर बसविलेली या घराची दांडी. बैलांमागे गाडी चालावी तसे ते मोटारीमागे चालते. लांबी सुमारे १८ फूट. आत दोन बिछाने, जेवणाचे मेज, चूल, मोरी, फ्रीज, आणि जेथे बोटभर जागा सापडेल तेथे कपाट. डोक्यावर कपाटे, बाकाखाली कपाटे, चुलीखाली खण. आम्ही मोजली, लहानमोठी मिळून १९ दारे भरली. आमच्या गावच्या घराला मागचे-पुढचे धरून इतकी दारे नाहीत!

या घराचा पहिला नियम असा की, ते चालू असताना त्यात कोणी बसावयाचे नाही. सर्वांनी पुढच्या मोटारीत बसावयाचे. त्यामुळे आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. खण सरकला, बरणी लवंडली, दार आपटू लागले, तरी त्याचा आवाज मोटारीपर्यंत येत नाही. मुक्कामाला पोहोचून दार उघडावे, तेव्हाच काय ते कळावयाचे. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक कडी पाहणे, हे या प्रवासातील पहिले काम होय. पुतण्याने ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाकडे सोपविले होते. दाराच्या आतल्या बाजूस १४ कलमांची एक यादी चिकटविलेली होती, तो ती मोठ्याने वाची, एकेका कडीला हात लावी, आणि शेवटी खाली उतरून "सगळं बंद!" अशी घोषणा करी. आम्ही त्याला 'कड्यांचा कारभारी' असे नाव दिले. त्या नावाचा त्याला केवढा अभिमान वाटला, हे त्याच्या चालीवरूनच दिसे.

सामान भरण्याच्या वेळी आमचे अज्ञान प्रथम उघडे पडले. आमच्या पत्नीने घरून नेलेली लोणच्याची काचेची बरणी आम्ही डोक्यावरच्या कपाटात ठेवली. घरी ती उंच फळीवरच असते. पुतण्याने ती हळूच काढून जमिनीलगतच्या कपाटात, दोन टॉवेलांच्या मध्ये उभी केली. "काका, इथे उलटा न्याय. जड ते खाली, हलके ते वर. वरच्या कपाटात पाव, पापड आणि कपडे यांखेरीज काही नाही." मग त्याने कारणही सांगितले. गाडीला ब्रेक लागला की आतील प्रत्येक वस्तू पुढे धावू पाहते. वळण आले की बाहेरच्या बाजूस ओढ घेते. वस्तू जितकी जड, तितका तिचा धक्का मोठा. बिडाचा तवा भरलेला खण एकदा सरकू लागला, तर चिमुकली कडी त्याला किती वेळ थोपवून धरणार? म्हणून आधी खणातले ओझे कमी करावयाचे आणि मग कडीवर विश्वास ठेवावयाचा.

ओझे कोठे ठेवावे यालाही शास्त्र आहे. चाके घराच्या मध्याजवळ असतात. तेथे हादरे कमी. पुढच्या आणि मागच्या टोकांना ते अधिक, जसा बैलगाडीच्या मागल्या फळीवर बसणारा सर्वांत जास्त उसळतो. म्हणून जड सामान चाकांच्या वर आणि खाली. मागच्या टोकाला ओझे जास्त झाले तर सारे घरच शेपटीसारखे डोलू लागते, आणि मग कपाटाचीच नव्हे, माणसांचीही धडगत राहत नाही. घराच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या गोळ्यावर पडावा, असा तिकडील सर्वसाधारण हिशेब आहे.

आणि कड्या तरी किती परीच्या! घरच्या कपाटाला लोहचुंबकाची पकड पुरते. येथे ती कुचकामी ठरते. एका मोठ्या धक्क्याने नव्हे, तर हजारो बारीक ठोक्यांनी चुंबक हळूहळू सुटत जातो. म्हणून येथे दाबाची बोंडी असतात. बोंड आत दाबले की आतील जीभ अडकते आणि दार पक्के होते. पुन्हा दाबले की बोंड बाहेर उसळते, जीभ सुटते, आणि तेच बोंड धरून दार ओढावयाचे. बोंड बाहेर आलेले असले की दार सुटे आहे हे लांबूनही ओळखू येते. फ्रीजच्या दाराला तर दुहेरी बंदोबस्त होता. रोजच्या वापराला दाराच्या कडेची रबरी चुंबकी पट्टी, आणि प्रवासासाठी वर एक निराळी कडी. "ही वरची विसरली तर पट्टीच्या जिवावर फ्रीज राहत नाही," असे पुतण्याने आम्हांस दोनदा बजावले होते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्या रात्री आम्हांस आमच्या मामांची आठवण झाली. मामा गोव्याचे, त्यांचे उभे आयुष्य जहाजावर खानसाम्याच्या कामात गेले. अशा तारवट्यांची घरे गोव्यात गावोगाव आहेत. मामा सांगत की, जहाजावरील खण नुसता ओढून उघडत नाही; तो आधी किंचित उचलावा लागतो, कारण त्याच्या खालच्या कडेला खाच असते आणि ती चौकटीवर बसलेली असते. जहाज कितीही कलले तरी खण आपला आपण उचलला जात नाही. मेजांना चारी बाजूंनी उंच काठ. आणि समुद्र फारच खवळला म्हणजे मेजावरचा कपडा पाण्याने ओला करून पसरावयाचा, म्हणजे बशा घसरत नाहीत. लहानपणी हे सारे आम्हांस थापा वाटत. आता पाहतो तो, पुतण्याच्या खणातही तीच खाच, आणि बशांखाली ओल्या कपड्याऐवजी रबरी जाळी! यात नवलही नाही. हौसेने राहण्यासाठी मुद्दाम बांधून घेतलेली अशा तऱ्हेची पहिली प्रसिद्ध गाडी १८८५ साली इंग्लंडात ब्रिस्टल येथे तयार झाली. तिचे नाव 'वाँडरर'. वजन सुमारे दोन टन. आणि ओढावयास दोन घोडे. ती करवून घेणारे डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातले निवृत्त शस्त्रवैद्य होते. हलत्या घरात संसार कसा मांडावा, हे जमिनीवरच्या माणसांनी समुद्रावरच्या माणसांकडूनच शिकावे, हे क्रमप्राप्तच होय.

पहिल्या दिवशी आम्ही क्लेअरच्या खोऱ्यात मुक्काम केला. ॲडलेडपासून हे सुमारे १४० किलोमीटर. द्राक्षांचे मळे हिवाळ्यामुळे निष्पर्ण होते. जवळच सेव्हनहिल हे गाव आहे. तेथे १८५१ साली ऑस्ट्रियाहून आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी मिस्सेच्या द्राक्षारसासाठी मळा लावला, तो आजही पिकतो. मुक्कामाला पोहोचल्यावर कारभाऱ्याने दार उघडले; आत एक चमचाही हललेला नव्हता. आम्ही त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवसाचा प्रवास शेतकरी वाचकांना विशेष विचार करावयास लावील. क्लेअरच्या उत्तरेस गव्हाची शेते विरळ होत जातात, आणि मग एकाएकी दगडी घरांचे भग्नावशेष दिसू लागतात. छप्पर नाही, दारे नाहीत. नुसत्या भिंती आणि धुराडे. याचे कारण एका रेषेत आहे. १८६५ साली, मोठ्या दुष्काळानंतर, या प्रांताचे मुख्य भूमापक जॉर्ज गॉयडर यांनी घोड्यावरून शेकडो मैल हिंडून नकाशावर एक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेस पिकाचा भरवसा धरावा. उत्तरेस पाऊस बेभरवशाचा, तेथे गुरे-मेंढरे चारावीत, नांगर घालू नये, असा तिचा अर्थ. पुढे काही वर्षे पाऊस चांगला पडला. लोक म्हणू लागले की, नांगर फिरला म्हणजे त्यामागून पाऊस येतोच. सरकारनेही १८७४ मध्ये रेषेपलीकडची जमीन लागवडीस खुली केली. कुटुंबेच्या कुटुंबे उत्तरेकडे गेली, दगडी घरे उभी राहिली, गावे आखली गेली. १८८० पासून पाऊस हटला, आणि गॉयडर यांची रेषा खरी ठरली. आम्ही पाहिली ती त्यांचीच घरे.

क्वॉर्न गावाच्या पुढे कन्याका नावाचे ओसाड ठाणे आहे. ते मेंढपाळीचे, त्या शेतकऱ्यांच्याही आधीचे, १८५१-५२ च्या सुमारास वसलेले. भरभराटीच्या काळात तेथे ७० कुटुंबे नांदत होती. आज वारा आणि कावळे. आम्ही त्या भिंतींमधून हिंडलो. एका भिंतीत फडताळाचा कोनाडा तसाच होता. दार केव्हाच गेलेले. आमची पत्नी बराच वेळ त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "इथे त्या बाईने मीठमिरची ठेवली असेल." त्या वर्षी त्या मुलखात पाऊस पुन्हा फारच कमी झाला होता, मेंढरांना चारा विकत आणावा लागत होता. त्यामुळे ते अवशेष आम्हांस फार जुने वाटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही विल्पीना पाउंडला पोहोचलो. हे डोंगरांचे एक अजस्र कडे आहे. जणू कोणी परात जमिनीवर ठेवावी आणि तिचा काठच तेवढा वर उठून दिसावा. लांबी सुमारे १७ किलोमीटर, रुंदी सुमारे ८. आणि सर्वांत उंच शिखर १,१७० मीटरांच्या आसपास. तेथील मूळ रहिवासी अद्न्यामथन्हा लोक या कड्याला 'इकारा' म्हणतात. इकारा म्हणजे एकत्र भेटण्याचे ठिकाण. २०१६ पासून तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या नावातही हा शब्द मानाने पुढे घातला गेला आहे. याच डोंगरांत १९४६ साली रेग स्प्रिग या भूगर्भशास्त्रज्ञाला ५० कोटी वर्षांहूनही जुन्या, मऊ शरीराच्या प्राण्यांचे ठसे दगडांत आढळले. २००४ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातील एका कालखंडाला येथील एडियाकारा टेकड्यांचे नाव देण्यात आले. रात्री थंडी शून्याच्या आसपास गेली. आत दिवा, चुलीवर पेज, आणि बाहेर आम्ही कधी पाहिले नव्हते इतके तारे. चाकांवरचे घर असले तरी त्या रात्री ते घरच होते.

चौथ्या दिवशी आम्ही ब्लिनमन या गावी थांबलो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६१० मीटर उंचीवरचे हे चिमुकले गाव. १८५९ साली एका मेंढपाळाला येथे तांब्याचा धोंडा सापडला, म्हणून वसलेले. तेथपर्यंत रस्ता डांबरी. पुढे पॅराचिल्ना घळीतून सुमारे ३० किलोमीटर कच्चा रस्ता. त्यावर आडव्या वळ्या पडलेल्या असतात. कपडे धुण्याच्या खाचांच्या फळीसारख्या. सुट्या मातीवरून चाके वेगाने गेली म्हणजे ती सूक्ष्म उसळ्या घेतात. पडताना थोडी माती पुढे ढकलतात. मागून येणारे चाक नेमके तेथेच उसळते. आणि अशा रीतीने वळ्या आपोआप वाढत जातात. पुतण्याने टायरांतील हवा थोडी कमी केली, म्हणजे हादरे टायर गिळतो. वेगही उतरविला. कारभाऱ्याने ब्लिनमनला सर्व कड्या पाहिल्या. त्या आम्ही स्वतः पाहताना पाहिले आहे.

घळीत मध्यावर आम्ही थांबलो. कोरड्या नदीच्या पात्रात प्रचंड निलगिरीची झाडे होती, आणि समोरच्या कड्यावर पिवळ्या पायांचे, पट्टेदार शेपटीचे छोटे कांगारू खडकांवरून उड्या मारीत होते. मुले, माणसे सारी तिकडे धावली. आमच्या पत्नीला तहान लागली होती, म्हणून आम्ही एकटेच आत गेलो, फ्रीज उघडला, पाण्याची बाटली आणि दोन पेले घेतले. दोन्ही हात गुंतलेले. दार कोपराने लोटले. चुंबकी पट्टी चिकटली, दार बंद दिसले. वरची कडी लावावयाची राहिली. खाली उतरतो तो कारभारी धापा टाकीत आला आणि त्याने विचारले, "आजोबा, सगळं बंद?" आम्ही म्हटले, "होय रे बाळा, बंद." तो पुन्हा कांगारूंकडे पळाला.

पॅराचिल्नाला पोहोचून दार उघडले, तेव्हा ते अर्ध्यावरच अडले. आत काहीतरी आडवे पडले होते. पुतण्याने खांदा लावून ते ढकलले. फ्रीजचे दार सताड उघडे होते. दही, अंडी, डाळ यांचा जमिनीवर एकच चिखल झाला होता. उघड्या दाराने शेजारच्या कपाटावर वाटभर ठोके दिले होते. त्यातला एक ठोका नेमका बोंडावर बसला, बोंड उसळले, आणि त्या कपाटातील स्टीलची ताटे बाहेर येऊन दारापाशी साचली होती. एका कडीच्या चुकीने दुसरी कडीही उघडली गेली.

परंतु खरे नुकसान निराळेच होते. आमच्या पत्नीला मधुमेह आहे. तिच्या इन्सुलिनच्या काचेच्या चार नळ्या फ्रीजमध्ये होत्या. त्यांतील दोन फुटल्या होत्या. पोर्ट ऑगस्टा हे मोठे गाव तेथून सुमारे २०० किलोमीटर दूर. सूनबाईंनी खाली बसून उरलेल्या दोन नळ्या उजेडात धरून पाहिल्या, तडा नव्हता. चालू नळी पत्नीच्या पिशवीतील लेखणीत होती, तीही शाबूत. दिवस थंडीचे, म्हणून औषध तापलेले नव्हते; आणि गारठून गोठले असते तर ते टाकूनच द्यावे लागले असते, तसेही झालेले नव्हते. प्रवासापुरते भागणार होते. तरीही उन्हाळा असता, किंवा चारही नळ्या फुटल्या असत्या, तर काय झाले असते, हा विचार प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेला होता.

पुतण्याने वरची कडी बोटाने हलवून पाहिली. ती मोडलेली नव्हती, लावलेलीच नव्हती. तो मुलाकडे वळला आणि म्हणाला, "मोडली असती तर कडीला दोष दिला असता. तू लावलीच नाहीस! आजीचं औषध होतं आत. यादी कशाला दिली आहे तुझ्या हातात?" मुलाने तोंड उघडले. मग त्याने एकदा आमच्याकडे पाहिले, आणि मान खाली घातली. तो एक शब्दही बोलला नाही.

आणि वाचकहो, आम्हीही बोललो नाही. बोलावयास हवे होते ते याच क्षणी. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सुनेपुढे आणि पुतण्यापुढे 'मी विसरलो' हे दोन शब्द किती जड होतात, ते त्या दिवशी कळले. आम्ही मनाशी म्हणालो की, गडबड निवू दे, मग सांगू. आम्ही केरसुणी घेतली आणि काचा गोळा करू लागलो. जणू काही आम्ही मोठा उपकारच करीत होतो!

पॅराचिल्ना म्हणजे पाच-दहा घरे आणि एक खानावळ. जवळून लोहमार्ग जातो; पूर्वी त्यावरून लीह क्रीकच्या खाणीतील कोळशाच्या लांबच लांब गाड्या जात; २०१५ मध्ये खाण बंद पडली, आणि त्यानंतर रूळही निजले. संध्याकाळी पश्चिमेकडील सपाट माळावर सूर्य उतरला आणि पूर्वेचे डोंगर आधी तांबडे, मग जांभळे झाले. सर्वजण ते पाहावयास बाहेर खुर्च्या टाकून बसले. मुलगा मात्र दूर, रुळांच्या कडेला एकटाच बसला होता. यादी त्याने दारावरून काढून, घडी घालून बापाला परत दिली होती.

ती घडी घातलेली यादी पाहिली आणि मग आमच्याने बसवेना. आम्ही उठलो, आधी त्याच्यापाशी गेलो, आणि त्याला हाताला धरून सर्वांसमोर आणले. जे घडले ते सांगितले; कोपर, बाटली, पेले, त्याचा प्रश्न आणि आमचे उत्तर, काही न गाळता. सांगून झाल्यावर कोणी काही बोलेना. शेवटी आमची पत्नीच म्हणाली, "पाणी मीच मागितलं होतं." पण ते आम्ही मान्य केले नाही. तहान लागणे हा काही दोष नव्हे. पुतण्याने मुलाला जवळ ओढले आणि विचारले, "मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "आजोबा सांगतील असं वाटलं."

या वाक्याने आम्हांस जे लागले, ते कोणत्याही शिव्याशापांनी लागले नसते. तो आम्हांस वाचवीत नव्हता. त्याने आमच्यावर विश्वास टाकला होता, आणि आम्ही त्याला दोन तास ताटकळत ठेवले होते.

पुतण्याने यादी मुलाच्या हातात परत दिली. "चुकलं माझं," असे बापाने मुलाला म्हटलेले आम्ही ऐकले. मग दिव्याखाली बसून तिघांनी त्या यादीची दुरुस्ती केली. फ्रीजच्या दाराला एक पट्टा बसविण्याचे ठरले. हातापुढे आडवा येईल असा, म्हणजे विसरू म्हटले तरी विसरता येणार नाही. इन्सुलिनच्या नळ्यांना कापसाने मढविलेली पत्र्याची डबी मिळाली. आणि यादीच्या तळाशी मुलाने स्वतःच्या अक्षरात पंधरावे कलम लिहिले. त्याचे मराठी थोडे अडखळते आहे. पण आम्ही त्यातले एक अक्षरही बदलू दिले नाही. ते कलम असे: 'विचारायचे नाही, बघायचे.'

परतीच्या वाटेवर तो प्रत्येक थांब्यानंतर स्वतः आत चढे. आम्ही खाली उभे राहून "बंद आहे रे," असे म्हणावे, आणि त्याने आमच्याकडे पाहून हसावे, पण तरीही आत जाऊन प्रत्येक कडीला हात लावून यावे. त्यात अविश्वास नव्हता. वडीलधाऱ्यांचा मान एका ठिकाणी आणि कडीचा बंदोबस्त दुसऱ्या ठिकाणी, हे त्याला आमच्याहून लवकर कळले होते.

आपल्यापैकी फार थोड्यांना असे चाकांवरचे घर लाभेल. पण घर बदलताना टेंपोत कपाटे भरण्याची वेळ कोणावर येत नाही? तेव्हा खण रिकामे करावेत किंवा काढून वेगळे न्यावेत. दारांना नुसत्या किल्लीवर न सोडता भोवती दोरी आवळावी. काचसामान जमिनीलगत, कपड्यांत गुंडाळून ठेवावे. औषधे टेंपोत न टाकता आपल्या हातात बाळगावीत. आणि वाटेत थांबून ज्याने काही काढले असेल, त्यानेच ते पुन्हा बांधून दुसऱ्याला दाखवावे. घरी परत आल्यावर आम्ही आमच्या जुन्या फडताळाची लाकडी खिटी फिरवून पाहिली. कित्येक वर्षांत ती कोणी लावलीच नव्हती. गरजच पडली नव्हती. आता रात्री निजण्यापूर्वी आम्ही ती लावतो. पत्नी हसते आणि म्हणते, "घर कुठं चाललंय?" घर कोठेही चाललेले नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. पण ॲडलेडहून रविवारी फोन येतो, आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, "आजोबा, सगळं बंद?" तेव्हा आम्ही उत्तर लगेच देत नाही. आधी उठून पाहून येतो.